एका पायावर उभं राहताना

एका पायावर उभं असलेल्या माणसाच्या कमरेकडे मागून पाहा. उचललेल्या पायाच्या बाजूला खालून काहीच आधार नाही. म्हणजे कंबर तिकडे कलंडायला हवी. पण ती कलंडत नाही, उलट किंचित वरच राहते. तिला धरून कोण ठेवतं?

फ्रीडरिश ट्रेन्डेलेनबुर्ग या जर्मन शल्यचिकित्सकानं १८९५ साली या प्रश्नाचा छडा लावला, तो मुलांच्या चालीवरून. जन्मतःच खुबे निखळलेली मुलं बदकासारखी डुलत चालतात. त्याचं रूढ स्पष्टीकरण असं होतं, की मांडीच्या हाडाचं गोल टोक खोबणीबाहेर असल्यामुळे ते प्रत्येक पावलाला वर सरकतं. ऐकायला अगदी पटण्यासारखं! ट्रेन्डेलेनबुर्गनं रुग्णांचे कपडे उतरवून त्यांना चालायला लावलं आणि पाठीमागून नीट पाहिलं. क्ष-किरणांचा शोध त्याच वर्षाच्या अखेरीस लागायचा होता, तेव्हा सांध्याच्या आत डोकावण्याची सोय नव्हती.

हाड सरकत असतं, तर टेकलेल्या पायाची बाजू खचली असती. प्रत्यक्षात खचत होती ती उचललेल्या पायाची बाजू. आणि धड मात्र टेकलेल्या पायाकडे झुकत होतं. शिवाय स्नायू झिजत जाण्याच्या आजारात, सांधा शाबूत असूनही, हीच चाल दिसते. तेव्हा दोष सरकण्यात नव्हता, खुब्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या नितंबाच्या स्नायूंत होता. हाड वर गेल्यानं या स्नायूंची दोन्ही टोकं जवळ येतात आणि ते सैल पडतात.

इथे शाळेतली तरफ आठवावी. टेकलेल्या पायाचा खुबा हा टेकू. एका बाजूला शरीराचा भार, दुसऱ्या बाजूला स्नायूंची ओढ. भाराची भुजा स्नायूच्या भुजेच्या ढोबळमानानं दुप्पट. मूल ३० किलोचं असेल, तर टेकलेला पाय वजा जाता २५ किलो तोलायचे. म्हणजे स्नायूला सुमारे ५० किलोंची ओढ लावावी लागते आणि खुब्यावर ७५ किलोंचा दाब येतो. एवढी ओढ जमली नाही, की कंबर खचते. एका पायावर उभं करून हे पाहणं, हीच ट्रेन्डेलेनबुर्ग चाचणी. विद्यार्थी हमखास घोटाळा करतात तो इथेच: कंबर डावीकडे खचली, तर दुबळे स्नायू उजवीकडचे असतात.

धड झुकवणं ही शरीराची युक्ती आहे. त्यानं भाराची भुजा आखूड होते, कमी ओढीत काम भागतं. म्हणून चाचणीत धड सरळ ठेवायला सांगतात, नाहीतर दुबळेपणा झाकला जातो. पोलिओनं हे स्नायू गेलेली माणसंही अशीच झुकून चालतात. भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला. त्याआधी पोलिओ झालेली माणसं आजही आपल्या आसपास आहेत.

काठीचं गणितही हेच. पुष्कळजण ती दुखऱ्या बाजूच्या हातात धरतात. विरुद्ध हातात धरली तर ती खुब्यापासून दूर टेकते, तिची भुजा मोठी होते. मग हातानं दिलेला थोडासा जोरही स्नायूचं बरंचसं ओझं उचलतो.