क्रोन्सचा आजार : कमी कापण्याच्या विद्येचा इतिहास

१/ ९ जून १९५६ ची पहाट. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. क्रोन्सच्या आजाराने त्यांच्या लहान आतड्याचा मार्ग बंद पडला होता आणि हृदयविकाराचा झटका येऊन जेमतेम नऊ महिने झाले होते. शल्यचिकित्सकांनी रोगट भाग कापला नाही. त्याला वळसा देऊन वरचे आतडे थेट मोठ्या आतड्यास जोडले. नोव्हेंबरात आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले.

२/ या आजाराचे वर्णन ग्लासगोच्या केनेडी डॅल्झिएल यांनी १९१३ मध्येच केले होते. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १४ रुग्णांवरील निबंध प्रसिद्ध केला. लेखकांची नावे वर्णानुक्रमे होती. आजारास क्रोन यांचे नाव मिळाले ते त्यामुळे.

३/ या रोगात आतड्याच्या भिंतीला संपूर्ण जाडीभर दाह होतो. भिंत जाड होऊन मार्ग अरुंद होतो. कधी तिला छिद्र पडून पोटात गळू होते. तर कधी शेजारच्या आतड्यात, मूत्राशयात किंवा त्वचेपर्यंत भुयारासारखी वाट पडते. तिला फिस्टुला म्हणतात. अशा गुंतागुंतीत केवळ औषधांनी अनेकदा भागत नाही.

४/ वळसा देण्याची रीत पुढे मागे पडली, कारण वगळलेल्या भागात रोग धुमसत राही आणि तेथे कर्करोगाचाही धोका असे. रोगट भाग कापून काढला, तरी आजार परत येई, बहुधा नव्या जोडाच्याच जागी. म्हणून काही शल्यचिकित्सक दोन्ही बाजूंचे निरोगी आतडेही हात राखून न ठेवता कापू लागले.

५/ त्याची किंमत जबर होती. रुग्ण बहुधा तरुण असत. लहान आतड्याची लांबी सुमारे सहा मीटर. गेलेले आतडे पुन्हा वाढत नाही. तीन-चार शस्त्रक्रियांनंतर काहींना अन्न पचेनासे होई आणि शिरेतून मिळणाऱ्या पोषणावर जगावे लागे.

६/ नवी वाट क्षयरोगाच्या अनुभवातून निघाली, आणि तीही भारतात. आतड्याच्या क्षयानेही मार्ग अरुंद होतो. कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये अशा जागी आतडे न काढता उभा छेद देऊन आडवे शिवण्याची पद्धत मांडली. मार्ग रुंद होई आणि आतडेही वाचे. पुढे ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली यांनी ती क्रोन्ससाठी वापरली.

७/ १९९६ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकच्या व्हिक्टर फाझिओ यांनी १३१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. रोगाच्या कडेपासून २ सेंटिमीटर कापले काय किंवा १२ सेंटिमीटर, आजार परतण्यात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. जास्त कापण्याचा आधारच निखळला.

८/ याच सुमारास दुर्बिणीची शस्त्रक्रिया रूढ होत होती. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले होते. १९९१ पर्यंत मोठ्या आतड्याचीही शस्त्रक्रिया तशी झाली. क्रोन्सबाबत मात्र शंका होती. आतड्याला धरून ठेवणारा पडदा सुजून जाड झालेला, जरा धक्का लागताच रक्त वाहणारा. त्यात पू, फिस्टुला आणि जुन्या शस्त्रक्रियेने चिकटलेली आतडी. बोटांनी चाचपण्याची सोय नाही. गुंतागुंतीचे रुग्ण म्हणून दुर्बिणीला अयोग्य मानले जात.

९/ निवडक रुग्णांपासून सुरुवात झाली. २००१ मध्ये क्लीव्हलंडहून आणि २००६ मध्ये नेदरलंड्सहून प्रत्येकी ६० रुग्णांच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. डच चाचणीत रुग्णालयातील मुक्काम सातवरून पाच दिवसांवर आला. हात बसल्यावर गुंतागुंतीचे रुग्णही घेतले जाऊ लागले, पण पूर्वतयारीनिशी : आधी सुईने गळवातील पू काढणे, प्रतिजैविके, पोषण सुधारणे, स्टेरॉइड घटवणे. पुढे जाणे धोक्याचे वाटले, तर पोट उघडणे हा पराभव मानला गेला नाही.

१०/ लहान व्रण हा या पद्धतीचा दिसणारा लाभ. त्याहून मोलाचा लाभ पोटाच्या आत आहे : मोठा छेद टळल्याने आतडी सहसा कमी चिकटतात. दुर्बीणही क्रोन्स बरा करत नाही. पंचविशीतल्या रुग्णावर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. त्या दिवशी पुरेसे आतडे शिल्लक असावे आणि त्याच्यापर्यंत सुखरूप पोहोचता यावे, याची तजवीज पहिल्याच शस्त्रक्रियेत करावी लागते.