कलम गेलं, धास्ती राहिली

आमच्या पोलादपूरकडे, आंबेनळीच्या पायथ्याशी, "मी आता कुणाला नको" असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नाटकं करू नकोस." बाहेर कळलं तर पोलीस येतील ही धास्ती. ती खोटीही नव्हती. १८६०च्या दंडसंहितेचं कलम ३०९, आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे गुन्हा! १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं (खटला मनाच्या आजाराने त्रासलेल्या एका पोलीस शिपायाचाच). १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवलं. २०१७च्या कायद्याने शिक्षेऐवजी उपचार आणले, २०२३च्या न्याय संहितेत ते कलमच नाही. असो. आता धास्ती सोयरीक मोडायची. म्हणून झोप उडालेल्या, जेवण टाकलेल्या माणसाला "बाहेरची बाधा" म्हणून झाकतात. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.