टपालानें आलेला चित्रपट

करमणुकीचा इतिहास सांगतांना नट, नाटककार आणि नाट्यगृहें यांचीं नांवें आदरानें घेतलीं जातात. परंतु ती करमणूक दूरच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन देणाऱ्या टपालवाल्याचें स्मरण क्वचितच होतें. हिंदुस्थानांत १८५४ सालीं टपालाचा सरसकट एक दर सुरू झाला. पत्र देशांत कोठेंही जावयाचें असो, पाव तोळा वजनास अर्धा आणा एवढेंच हंशील पडूं लागलें. १८७७ सालीं व्ही. पी. ची सोय झाली आणि पुस्तक हातीं पडतांना पैसे चुकते करतां येऊं लागले. गिरगांवांत निघालेलें मासिक पालघरच्या वाचकासही सारख्याच हंशिलांत घरबसल्या मिळूं शकलें, तें या व्यवस्थेमुळें.

दुसरी परंपरा वाचनालयांची. ठाण्यांत १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. पालघरही तेव्हां, आणि पुढें २०१४ पर्यंत, ठाणे जिल्ह्यांतच होतें. वाचनालयाची रीत सर्वांस ठाऊक आहे. अनामत ठेवावी, वर्गणी भरावी, एक पुस्तक परत करावें आणि दुसरें न्यावें. मात्र त्यासाठीं वाचनालयाच्या दारापर्यंत कोणी तरी जावें लागे. वाचनालयाची वर्गणी आणि टपालाची घरपोच सेवा या दोहोंची सांगड चित्रपटांच्या बाबतींत मोठ्या प्रमाणावर घातली गेली, ती अमेरिकेंत.

तेथें १९९७ सालीं रीड हेस्टिंग्ज व मार्क रँडॉल्फ यांनीं नेटफ्लिक्स ही संस्था काढली. व्हिडिओची कॅसेट जड. तिचा टपालखर्च परवडणारा नव्हता. त्याच सुमारास डीव्हीडी ही चपटी तबकडी बाजारांत आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी अवघी १.२ मिलिमीटर. अशी वस्तु साध्या पाकिटांतून न मोडतां पोंचेल काय, हें पाहण्यासाठीं दोघांनीं प्रथम गाण्यांची एक तबकडी टपालांत टाकून पाहिली. ती सुखरूप पोंचली. १९९८ च्या एप्रिलांत धंदा सुरू झाला व १९९९ सालीं मासिक वर्गणी आली. उशिराचा दंड नाहीं, परतीचें पाकीट सोबत, आणि एक तबकडी परत आली कीं यादींतील पुढची रवाना, अशी ही योजना होती.

अशी सेवा निवडतांना पुष्कळांचें लक्ष प्रथम यादीच्या लांबीकडे जाई. वास्तविक पाहावयाचे ते दिवस. समजा, महिन्याची वर्गणी ३०० रुपये असून एका वेळीं एकच तबकडी मिळते. येण्यास दोन दिवस, घरीं दोन दिवस आणि परतीस दोन दिवस धरले, तर महिन्यांत पांच चित्रपट होतात. प्रत्येकी ६० रुपये पडले. टपालास दोनांऐवजीं चार दिवस लागले, तर तीनच चित्रपट होतात आणि दर १०० रुपयांवर जातो. वर्गणी तीच, यादी तीच. परंतु दूरच्या गिऱ्हाइकास वस्तु महाग पडते. हें ओळखूनच नेटफ्लिक्सनें देशभर ठिकठिकाणीं वांटपाचीं केंद्रें उघडलीं.

भारतांत २००५ नंतर याच धर्तीवर कांहीं संस्था निघाल्या. बेंगळूरची सेव्हन्टी एमएम आणि २००८ सालीं निघालेली रिलायन्सची बिगफ्लिक्स या त्यांपैकीं होत. त्यांचा भर मोठ्या शहरांवर होता, आणि तबकडी बहुधा टपालपेटींतून न येतां माणसाकरवीं घरपोच होई. टपालाजवळ साधन नव्हतें असें नव्हे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन क्रमांक सुरू झाले होते. पालघरचा ४०१४०४, बोईसरचा ४०१५०१, तारापूरचा ४०१५०२. या सहा आंकड्यांनीं देशांतील कोणतेंही पाकीट योग्य टपालकचेरींत जाऊं शकत होतें. तरीही अशा गांवांचा आधार बहुतांशीं बाजारांतील भाड्याचें दुकान हाच राहिला.

यांत काय हुकलें, तें बोईसर-तारापूरकडे पाहिलें म्हणजे कळतें. १९६९ सालीं तारापूरचें अणुविद्युत्केंद्र सुरू झालें. पुढें बोईसरजवळ औद्योगिक वसाहत वाढली आणि निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबें येथें येऊन राहिलीं. दुकानदार ज्याला गिऱ्हाईक पुष्कळ तोच चित्रपट ठेवणार; त्याचें पोट त्यावर. पण एखाद्या मल्याळी वा बंगाली घरास आपल्या भाषेंतील जुना चित्रपट हवा असेल, तर एका घरासाठीं तो कोण ठेवील? शंभर गांवांत विखुरलेलीं अशीं घरें एका यादीवर आणणें, हेंच टपाली वाचनालयाचें खरें सामर्थ्य होतें. ज्या वस्तीस त्याचा सर्वांत अधिक उपयोग, तिच्या वांट्यास तें फारसें आलें नाहीं.

नेटफ्लिक्सनें २९ सप्टेंबर २०२३ रोजीं शेवटच्या तबकड्या रवाना केल्या. पंचवीस वर्षांत पांचशें कोटींहून अधिक तबकड्या तिनें टपालानें धाडल्या होत्या. आतां चित्रपट तारेंतून व हवेंतून येतो, आणि बोईसर व बोरीबंदर यांत अंतर उरलेलें नाहीं. तथापि एक फरक ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेंत विकत घेतलेली तबकडी भाड्यानें देण्यास चित्रपटाच्या मालकाची वेगळी परवानगी लागत नाहीं. म्हणून तेथें एकदां संग्रहांत आलेला चित्रपट संग्रहांत राही. तारेनें चित्रपट दाखवावयाचा तर करार लागतो. त्याची मुदत संपली आणि तो पुन्हां झाला नाहीं, कीं चित्रपट यादींतून नाहींसा होतो.

म्हणून वर्गणी भरणाऱ्यानें आजही दोन प्रश्न विचारावेत. भरलेल्या पैशांत प्रत्यक्षांत किती पाहून होतें? आणि आज दिसणारी वस्तु उद्यां तेथें असेल काय? पहिल्याचें उत्तर बोटांवर मोजून मिळतें. दुसऱ्याचें उत्तर, ज्या घरांत चार जुन्या तबकड्या अजून जपून ठेवलेल्या आहेत, तें घर देऊं शकेल.