खरेपणाची किंमत

आमच्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच गल्लीत राहतात. त्यांची नावे लिहिणारा कारकून मात्र आपल्या कानाला ऐकू येईल तसे लिहितो. मग मेहबूब शाळेच्या दाखल्यावर ‘महेबूब’ होतो आणि रेशनकार्डावर ‘महिबूब’. बसव्वाची ‘बसवा’ होते. माझ्याही नावाची तीन रूपे सरकारदप्तरी सुखाने नांदत होती. ही तिन्ही माणसे एकच, हे सांगायला मला प्रतिज्ञापत्र करावे लागले. चूक लिहिणाऱ्याची आणि खर्च नावाच्या धन्याचा, ही रीत आली कुठून?

आदिलशाहीत आणि पुढे मराठेशाहीत वतनाचा तंटा पडला की महजर होई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमत आणि निवाडा कागदावर उतरे. पाटील आपली नांगराची निशाणी करी, काझी शिक्का उठवी. ‘महजर’ आणि ‘हाजिर’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. खरेपणाचा पुरावा म्हणजे समोर हजर असलेली, तुम्हाला ओळखणारी माणसे. अर्थात तेही फुकट नव्हते. जिंकणाऱ्याला ‘हरकी’ भरावी लागे, हरणाऱ्याला ‘गुन्हेगारी’.

इंग्रज आले आणि ओळखीच्या जागी मुद्रांक आला. बंगालमध्ये १७९७ साली सुरू झालेला हा कर पुढे देशभर पसरला. १८६४ साली दोन कायदे झाले. एकाने सरकारने काझी नेमण्याची पद्धत मोडीत काढली, दुसऱ्याने दस्तनोंदणीची व्यवस्था बसवली. नोटरीची गोष्ट तर आणखी गमतीची. इंग्लंडातल्या कँटरबरीच्या आर्चबिशपच्या अखत्यारीतल्या कचेरीतून हिंदुस्थानातले नोटरी नेमले जात. काझीचा शिक्का गेला, आर्चबिशपचा आला! स्वतंत्र भारताने १९५२ साली स्वतःचा नोटरी कायदा केला, तेव्हा हा प्रकार संपला. नोटरीने किती फी घ्यावी हे १९५६ च्या नियमांत सांगितले आहे. दरांचा फलक कचेरीच्या आत आणि बाहेर लावावा, असेही त्यात आहे. तो फलक आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे?

खर्च कमी करण्याचे प्रयत्न सरकारनेही केले. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढण्यासाठी किंवा सरकारी कार्यालयात आणि न्यायालयात देण्यासाठी जे प्रतिज्ञापत्र लागते, त्यावरचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्राने १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ केले. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. कायद्यानेच प्रतिज्ञापत्र सक्तीचे असेल तेवढे सोडून बाकी ठिकाणी साधे स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेली प्रत चालावी, असे ठरले. नागरिकाच्या शब्दावर सरकारने विश्वास ठेवायचा, ही गोष्ट लहान नव्हती.

पण निर्णय मंत्रालयात होतो आणि खिडकी आपल्या गावात असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने शंभर रुपयांचा मुद्रांक पाचशेवर नेला. तेव्हा विद्यार्थ्यांच्या दाखल्यांनाही पाचशे लागणार, अशी हाकाटी झाली. वीस वर्षांपूर्वीची माफी कायम असल्याचा खुलासा मग सरकारला करावा लागला. इतकी वर्षे माफी असूनही ती लोकांच्या कानी नव्हती, एवढे त्यातून दिसले.

शिवाय मुद्रांक माफ झाला तरी टायपिंग, झेरॉक्स, रिक्षा आणि मध्यस्थाचा चहा हे कोणी माफ करत नाही. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळते. लेकीच्या प्रवेशासाठी ती दिवसभर कचेरीच्या पायरीवर बसली, तर त्या दिवशी सूप रिकामे राहते. हा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही. ज्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या नीट लिहिले गेले, त्याला तो करावाही लागत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. कोणी प्रतिज्ञापत्र मागितले तर नम्रपणे विचारा, ‘साहेब, कोणत्या नियमाखाली?’ स्वयंघोषणापत्र चालेल का, तेही विचारा. ज्यांना विचारता येत नाही, अशा शेजाऱ्याबरोबर एक दिवस खिडकीपर्यंत जा. ओळखीचे माणूस हजर असले की काम सोपे होते, हे महजराच्या काळीही खरे होते.