हार्ड डिस्क वाचली, मराठी वाचता येईना

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण घाबरू नका, कोडिंग शिकवणार नाहीये. तुम्ही मोबाईलवर बिनधास्त मराठी टाईप करता ना, ती अक्षरं वीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या आत कशी राहायची, ते आज बघू. मला हे सगळं शोधावं लागलं ते देगलूरच्या आमच्या घरातल्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरमुळे.

मशीन २००३ चं. नांदेडहून असेंबल करून आणलेलं, ४० जीबीची हार्ड डिस्क. आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी एका जाड वहीत आठवणी लिहिल्या होत्या: निजामाच्या काळातली उर्दूतली शाळा, रझाकारांच्या भीतीने काढलेल्या रात्री, १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान शरण आल्याची बातमी गावात कशी पोचली ते. आणि एक गोष्ट जी आमच्या पिढीला माहीतच नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन सर्कलं तोडून आंध्रात गेली. आज ती तेलंगणात, कामारेड्डी जिल्ह्यात आहेत. आजोबांचे अर्धे नातेवाईक एका दिवसात परराज्यातले झाले.

काकांनी ती वही या मशीनवर टाईप केली. वही पुढे वाळवीने खाल्ली. आजोबा गेले. म्हणजे साठेक पानं उरली ती फक्त त्या डिस्कवर, आणि ती डिस्क चालू केली की आवाज यायचा टक... टक... टक.

हा आवाज ओळखून ठेवा. आत तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्या मारत असते आणि तिच्यावर हेड तरंगत असतं. मधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी. हेडला आपली जागा सापडत नाही, म्हणून ते परत सुरुवातीला जातं, पुन्हा शोधतं. तोच तो टक आवाज. आमच्याकडे तेव्हा दहा-दहा, बारा-बारा तास लोडशेडिंग. यूपीएसची बॅटरी मेलेली. लाईट गेली की मशीन धाडकन बंद. डिस्क इतकी वर्षं टिकली हेच नवल.

(जाता जाता एक गंमत. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमने आणली ती सप्टेंबर १९५६ मध्ये, म्हणजे आमचा तालुका तुटायच्या दोन महिने आधी. २४ इंची ५० तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि मावायची फक्त पन्नास लाखांच्या आसपास अक्षरं. तुमच्या एका फोटोएवढी!)

अशा डिस्कला 'दुरुस्त करतो' म्हणून चेकडिस्क चालवू नका. मरणाऱ्या माणसाला पळायला लावल्यासारखं आहे ते. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्लाही देतात लोक. आत दव धरलं की संपलं. मी केबल बदलून ती लिनक्सच्या मशीनला लावली आणि डीडीरेस्क्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम सुरू केला. त्याची चाल शहाण्या माणसाची आहे. जिथं सहज वाचता येतं ते आधी उचलायचं, जिथं अडतं ती जागा नोंदवून पुढं जायचं, अडलेल्या जागांकडे शेवटी परत यायचं. ४० जीबीच्या डिस्कवर साधारण ७ कोटी ८१ लाख सेक्टर असतात. एकेक ५१२ बाइटचा. तीन रात्री मशीन चालू होतं. काका म्हणाले, "कशाला डोकं लावलालास रे एवढं? भंगारात घाल ते डबडं."

चौथ्या दिवशी थोडे सेक्टर सोडून सगळं हातात आलं. फाईलही सापडली. वर्डने ती उघडायला नकार दिला, म्हणून आतला मजकूर मी थेट बाहेर काढला. आणि समोर काय? इंग्रजी अक्षरांचा चिवडा. अंडरस्कोअर, स्मॉल एम, महिरपी कंस, डॉलर. मराठीचं एक अक्षर नाही.

आता इथून खरा इतिहास सुरू होतो.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. भारतीय लिप्यांना नंबर द्यायचं काम आपल्याकडे लवकर सुरू झालं होतं. आयआयटी कानपूरमध्ये जिस्ट तंत्रज्ञान तयार झालं, ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. डॉसच्या काळात पीसीमध्ये एक कार्ड खोचलं की पडद्यावर देवनागरी दिसायची! १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तीत देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. म्हणजे काकांनी टायपिंग केलं त्याच्या बारा वर्षं आधी 'म' ला जगात पक्का पत्ता मिळाला होता.

मग तो वापरला का नाही? कारण विंडोज ९८ ला देवनागरी जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. विंडोज २००० मध्ये ती सोय आली, सोबत मंगल फॉन्ट आला. तो आपल्या र. कृ. जोशींनी केलेला. एक्सपीमध्येही ही सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागायची. आणि डीटीपीवाल्यांना वाट बघायला वेळ कुठे होता? लग्नपत्रिका उद्या हवी!

त्यांनी जुगाड केला. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, शिवाजी हे सगळे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी चित्रं बसवायचे. कॉम्प्युटरला वाटायचं इंग्रजी चाललंय, पडद्यावर दिसायचं मराठी. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालायचं. फक्त प्रत्येक घराण्याची बसायची पद्धत वेगळी. लोक याला आज नावं ठेवतात, मला ते पटत नाही. तेव्हा फाईल ही फक्त कागदापर्यंत जायची वाट होती. छापून आलं की काम झालं. वीस वर्षांनी कुणी ती फॉन्टशिवाय उघडेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

आमच्या फाईलच्या शेपटीत फॉन्टचं नाव सापडलं, श्रीलिपीच्या घराण्यातलं. त्यात अंडरस्कोअर म्हणजे म, स्मॉल ए म्हणजे र, स्मॉल एम म्हणजे काना. तक्ता करून बदलून टाकायचं, एवढं सोपं वाटतं ना? पण 'कविता' झाली 'किवता' आणि 'धर्म' झाला 'धमर्'. कारण जुना फॉन्ट डोळ्याला दिसतं त्या क्रमाने साठवतो, म्हणजे वेलांटी आधी, व नंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं. जुन्या पीडीएफमधून मराठी कॉपी केल्यावर असाच गोंधळ तुम्हीही बघितला असेल. मग वेलांटी पुढच्या अक्षरामागे, रफार मागच्या अक्षराआधी सरकवणारे नियम लिहिले. रुपये आणि पाऊण पानभर उर्दू शब्दांतले नुक्ते हाताने तपासले.

साठपैकी जवळजवळ सगळी पानं आली. चार ठिकाणी भोकं आहेत, कारण तिथले सेक्टर आलेच नाहीत. एक सेक्टर गेला की आठ-दहा ओळी जातात. त्यातलं एक भोक नेमकं जुक्कलच्या पानावर आहे. 'त्या दिवशी बाजारात' इथं वाक्य तुटतं, आणि पुन्हा सुरू होतं ते 'मामा म्हणाले, आता भाषा बदलावी लागेल' इथं.

प्रिंट काढून काकांना दिली. त्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. टाईप त्यांनीच केलेलं, म्हणून विचारलं, "काका, तुम्हाला आठवतं का मधलं?" म्हणाले, "थोडं थोडं. तो मोबाईल चालू कर."

ते रेकॉर्डिंग सव्वीस मिनिटांचं आहे. पुढच्या भागात ऐकवतो.