बीजामागे चार दशकं : चेन्नईच्या ‘सिबा’ची वाटचाल

भारतीय कृषी संशोधन परिषदेने १ एप्रिल १९८७ रोजी मद्रासमध्ये केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्था सुरू केली. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? किनाऱ्यावर सगळे तिला ‘सिबा’ म्हणतात. बंगालमधलं काकद्वीपचं केंद्र आणि शहराच्या दक्षिणेला मुट्टुकाडूच्या खाडीकाठचं प्रयोगक्षेत्र तिच्या हाती आलं. भात धड येत नाही अशा खाऱ्या जमिनीत मासा आणि कोळंबी कशी पिकवायची, हा तिचा विषय. तो उलगडण्याआधीच बाजार धावत सुटला.

नव्वदीच्या सुरुवातीला आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर टायगर कोळंबीची तळी भराभर खोदली गेली. एकाने सांडपाणी सोडायचं त्याच खाडीतून दुसऱ्याने तळं भरायचं, अशी रीत. मग १९९४ च्या सुमाराला पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि आठ-दहा दिवसांत तळीच्या तळी मरू लागली. तिकडे भातखाचरांत आणि विहिरींत खारं पाणी उतरल्याची तक्रार घेऊन सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले होते. ११ डिसेंबर १९९६ च्या निकालाने किनारा नियमन क्षेत्रातली, पारंपरिक सोडून बाकीची तळी हटवायला सांगितलं. पुढे फेरविचार अर्ज, स्थगिती आणि २००५ चा किनारी मत्स्यपालन प्राधिकरण कायदा. तळी राहिली, परवाने आले. ज्या धंद्याला शास्त्र पुरवायचं तोच बेकायदा ठरायची वेळ आलेली. तरी संस्थेने रोगनिदानाची चाचणी आणि देशी खाद्य ही कामं नेटाने चालू ठेवली.

तिची खरी कमाई मात्र जिताडा. १९९७ मध्ये बंदिस्त पाण्यात जिताड्याची पैदास सिबाने केली, देशात पहिल्यांदा. रायगडकरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. पेण-अलिबागकडे पावसाळ्यात खाडीतून पिल्लं धरून तळ्यात सोडायची पद्धत जुनी आहे; खाडीने दिलं तर बीज, नाही तर तळं रिकामं. मासाही मुलखाचा अवघड. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे जोडी जमवायची तर वेगवेगळ्या वयाचे मासे वर्षानुवर्षं पोसावे लागतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास अंगात अंडी तयार आहेत का ते पाहून संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचं. अंडी फुटली की डोळ्यांनाही न दिसणारे जीव खाद्य म्हणून वाढवायचे, नंतर आर्टेमिया हे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव. आणि पिल्लं जरा मोठी झाली की एकमेकांनाच गिळतात. म्हणून आकारानुसार त्यांची पुन्हा पुन्हा निवड करत बसायचं. निर्यातीच्या आकड्यांत हे काम कुठे दिसत नाही. दूधमाशाला (मिल्कफिश) असंच वश करायला २०१५ उजाडलं.

कोळंबीत संस्थेची गाडी वेगळ्या रुळावर गेली. टायगर रोगाने बेजार, म्हणून अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरची व्हेनामी आणायचं ठरलं; २००३ मध्ये प्रायोगिक आयात आणि २००९ मध्ये सरसकट परवानगी. रोगमुक्त नर-मादी परदेशातून, मुख्यतः हवाईहून, विमानाने येऊ लागल्या. उत्पादन झपाट्याने वाढलं, हे खरंच. पण तळं आंध्रातलं आणि बियाण्याची चावी परक्याच्या खिशात, ही स्थिती मला कधीच समाधानाची वाटली नाही. शिवाय नवे रोग व्हेनामीलाही गाठू लागलेच.

आपल्या किनाऱ्याची पांढरी कोळंबी इतकी वर्षं दुर्लक्षित होती. तिच्यावर कामं झाली, पण निवड पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या वाण सुधारण्याइतका पैसा आणि सबुरी कोणाकडे नव्हती. २०२२ मध्ये केंद्राने या कोळंबीच्या जनुकीय सुधारणेसाठी सिबाला २५ कोटींचा कार्यक्रम दिला. व्हेनामीमागे परदेशी पैदासकारांची काही दशकांची मेहनत आहे. ते अंतर कापायला एखादी पंचवार्षिक पुरणार नाही. अर्थसंकल्प दरवर्षी मांडला जातो आणि कोळंबीच्या पिढ्या आपल्या गतीने चालतात, याचा मेळ कोण घालणार, हे अजून ठरायचं आहे.