ज्या विषापुढे ससा टिकला

सिडनीत राहत असाल, तर ‘बाहेर ठेवलेले बूट झटकल्याशिवाय पायात घालू नका’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेलच. त्यामागे फनेल-वेब नावाच्या काळ्या, चकचकीत कोळ्याचा इतिहास आहे. बिळाच्या तोंडाशी हा कोळी नरसाळ्यासारखं जाळं विणतो. मादी सहसा बिळातच असते. उन्हाळ्यात मादीच्या शोधात भटकणारा नर घरात शिरतो, आणि जीवघेणं विष असतं ते नराचंच. १९२७ ते १९८० या काळात त्याच्या दंशाने १३ माणसं दगावल्याची नोंद आहे.

हे विष करतं काय? मज्जातंतूतून संदेश जाताना त्याच्या आवरणातली सूक्ष्म दारं उघडतात, सोडियम आत येतं आणि क्षणार्धात दारं मिटतात. विष ही दारं मिटू देत नाही. मग तंतू थांबायचं विसरतो, एकामागून एक संदेश धाडत राहतो. तोंडाभोवती मुंग्या, घामाच्या धारा, स्नायूंचं फडफडणं, भडकलेला रक्तदाब, शेवटी फुप्फुसांत पाणी.

गंमत अशी की कुत्रा, मांजर, ससा यांना या विषाने फारसं काही होत नाही. बळी पडतात माणूस आणि माकडं. माणूस येण्यापूर्वी ऑस्ट्रेलियात माकडाच्या कुळातला एकही प्राणी नव्हता. म्हणजे हे विष आपल्यासाठी घडलेलंच नव्हतं.

घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष काढायची रीत जुनी. आपल्या हाफकिनमध्येही सर्पदंशावरचं औषध तसंच बनत आलं. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सिरम लॅबोरेटरीजमध्ये डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांनी फनेल-वेबसाठी मात्र ससा निवडला. अनेक वर्षांच्या अपयशानंतर सशाच्या रक्तातून प्रतिविष मिळालं आणि १९८१च्या सुरुवातीला ते पहिल्या रुग्णाला टोचलं गेलं. तो वाचला. तेव्हापासून या कोळ्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही.

सदरलँड यांची दुसरी देणगी तुमच्या हातातली आहे. दंश झालाच, तर जखमेपासून सुरुवात करून सबंध हात किंवा पाय रुंद बँडेजने घट्ट गुंडाळा, फळी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका आणि ००० फिरवा. विष रक्तात पोचायला जितका उशीर, तितका सशाच्या औषधाला अवधी.